भाकरीचं आरमार

बाबूमामांच्या मेसमध्ये जेवायला बसायचं तर एक गोष्ट आधीच कबूल करून टाकावी लागते. ताट तुमचं असलं तरी त्यातला मुलूख मामांचा असतो. तुम्ही भाकरीचा पहिला तुकडा मोडता, आमटीत बुडवायला जाता, आणि तेवढ्यात मामांची पळी आडवी येते.

"थांब. ते आरमार हाय."

मग तो तुकडा आमटीच्या काठाला नांगर टाकतो. दुसरा तुकडा ठेच्याच्या मागं दबा धरून बसतो. कांद्याची फोड बंदर होते. आणि युद्ध संपेपर्यंत कुणाला कुठलाही देश खाता येत नाही. एकदा मामांची नजर चुकवून मी एक तुकडा तोंडात टाकला. मामा हातातली पळी खाली ठेवून शोभाताईंना म्हणाले, "ह्यानं राजधानी खाल्ली. आता ह्याला पुढलं काय सांगू?"

मेसचा स्वयंपाक बघणाऱ्या शोभाताई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, "दुसरी राजधानी देते, पर त्याला जेवू द्या."

माझा जगाचा सगळा भूगोल असा ताटात झालेला आहे. मी आठवीतून शाळा सोडली, आणि शाळेला त्याचं फार वाईट वाटल्याचं काही कानावर आलं नाही. गोंदियाकडच्या आमच्या खेड्यातून निघालो तो थेट इथं, वाळूजला, एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. त्यामुळे महासागर म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर अजून काहीतरी पातळ, पिवळं, वर तेलाचा तवंग असलेलं येतं. वाळवंट म्हणजे शेंगदाण्याची चटणी. टीव्हीवर खराखुरा समुद्र दिसला तर मला आधी वाटतं, ह्यात हळद टाकायची राहिली.

मामांचा फौजेशी संबंध फार जुना आहे, पण लांबचा. तरुणपणी ते छावणीत भाजीपाला पोचवायला जायचे, आणि तेही गेटपर्यंत. गेटच्या आत काय चालतं ते त्यांनी बाहेरून ऐकलं, उरलेलं रद्दीच्या पेपरात आणि रेडिओवर मिळवलं. बारीक चणीचा माणूस, अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कुठल्याही विषयावर त्यांचा पहिला प्रश्न एकच : "टाइम कुणाच्या बाजूनं हाय?" डाळ शिजली का विचारलं तरी ते हेच विचारतात. कुणाचं लग्न जमत नसलं तरी हेच. गॅसची टाकी संपत आली की टाकीवर बोटांनी वाजवून शोभाताईंना म्हणतात, "टाइम तिच्या बाजूनं हाय."

आता हे युद्धाचं प्रकरण माझ्याच ताटात कसं सुरू झालं ते सांगतो. मी मुळात काळजी करणारा माणूस. खोलीला कुलूप लावून निघालो की अर्ध्या रस्त्यात वाटतं, लावलं नाही. परत जातो तर लावलेलं असतं. मग वाटतं, हे आपलंच कुलूप आहे ना? अशा माणसानं टीव्हीवरच्या बातम्या बघू नयेत. पण मी बघितल्या. कुठल्याशा देशानं दुसऱ्या देशावर न सांगता, पहाटेच्या झोपेत हल्ला केला होता. आमच्या कारखान्यातले सुपरवायझर सहज बोलून गेले की असं लांबलं तर परदेशी जाणारा माल अडकेल. ते सहज बोलून चहाला गेले. माझं जेवण गेलं.

मामांनी ताट बघितलं. "काय रं गोंदिया, भात पाह्यजे का आजून?"

मला इथं नाव नाही. मी गोंदिया. मी म्हणालो, "तसं नाही जी मामा. एखादा देश असा न सांगता हल्ला काहून करते?"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मेस चालवली, पण लोकांनी त्यांना मीठ कुठं आहे आणि पंखा का बंद आहे, याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. त्यांनी टॉवेलनं हात पुसले, माझ्या शेजारी बाकड्यावर बसले, आणि माझी भाकरी स्वतःकडे ओढली.

"बघ. हा बेटावरचा देश. फौज तगडी, पर घरात तेल नाय. तेल कोण देतंय? हा, समुद्रापल्याडचा. त्यानं एक दिवस नळ बंद केला. आता ह्याच्या टाकीत हाय तेवढंच तेल. तिकडं तो पल्याडचा जहाजावर जहाज बांधू राहिला. आता प्रश्न असा हाय, टाइम कुणाच्या बाजूनं हाय?"

"पल्याडच्याच्या."

"शाब्बास. मंग ह्यानं हिशोब घातला. आज मी जेवढा हाय तेवढा उद्या नाय. आज मारलं तर कदाचित जमंल, उद्या तर नायच जमणार."

"मग बोलणी करायची होती जी."

"बोलणी चालूच हुती की! बोलणी चालू ठेवायची, आन् रविवारी सकाळी, समोरचा आंघोळ करू राहिला की..." भाकरीचे तीन-चार तुकडे आमटीवरून उडत आले आणि कांद्याच्या बंदरावर कोसळले. आमटी माझ्या शर्टावर उडाली.

"मग जिंकला काय जी?"

"सकाळ जिंकला," मामा म्हणाले, आणि उठून पुढच्या माणसाला वाढायला गेले.

त्या दिवसापासून मी त्यांचा एकुलता एक विद्यार्थी झालो. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला देवगिरीचा किल्ला दाखवायला नेलं. इथला राजा बेसावध होता, फौज लांब गेलेली होती, आणि उत्तरेतून एक सरदार काकाशी बिनसल्याचं निमित्त सांगत दख्खनेत उतरला आणि थेट इथं येऊन धडकला, असं मामा सांगत होते. घाईघाईत किल्ल्यावर पोती चढवली, धान्य समजून, आणि उघडून बघतात तर मीठ. मामा मेसवाले असल्यामुळे त्यांना त्या सरदारापेक्षा पोती चढवणाऱ्याचाच जास्त राग होता. "एक पोतं तर फोडून बघायचं हुतं!" ते किल्ल्याच्या भिंतीला म्हणाले. मग आम्ही अंधारीत शिरलो. तो काळोखा भुयारी रस्ता शत्रूला फसवायला केलेला आहे म्हणतात. मी शत्रू नव्हतो तरी फसलो. वटवाघळं फडफडली तसा मी मामांची बंडी धरली ती बाहेर उजेडात आल्यावरही सोडली नाही. तिकीट काढून आलेली एक शाळकरी मुलगी तिच्या आईला म्हणाली, "तो काका रडतोय का?" मी रडत नव्हतो. नाक पुसत होतो.

हे सगळं ताटापुरतं राहिलं असतं तर बरं होतं. पण मामांना खरोखरीचा एक शत्रू होता, आणि माझी खोली त्या शत्रूच्या माडीवर होती.

आमच्या रस्त्याच्या एका बाजूला मामांची मेस आणि बरोबर समोर काशिनाथनानांची. दोघं पैठणकडचे, एकाच गावचे, एकाच वर्गातले. पहिल्यांदा मेस दोघांनी मिळूनच काढली होती. ती फुटली येसराच्या आमटीवरून. येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाला दळून केलेलं पीठ. इकडं लग्नाच्या पंगतीला त्याची आमटी लागतेच. एका लग्नाचा स्वयंपाक दोघांनी घेतला होता. नानांनी आमटी केली घट्ट, त्यांच्या हातची. पंगती वाढत गेल्या, माणसं आवरेनात, तसं मामांनी आमटीत घागरभर पाणी ओतलं. सगळी पंगत जेवली. पण नाना जेवले नाहीत. "माझ्या हातच्या आमटीत पाणी वतलं," एवढं बोलून ते घरी गेले, आणि पुढच्या महिन्यात समोर पाटी लागली. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मामा नानांना म्हणायचे "समोरचं राष्ट्र". नाना मामांना म्हणायचे "पाणीवाला".

मी ह्या दोन राष्ट्रांच्या मधला. छप्पर नानांचं, जेवण मामांचं. खरं तर नानांकडेच जेवलो असतो, पण इथं आल्या-आल्या मला कावीळ झाली. तेव्हा गावाकडून कुणी येण्यासारखं नव्हतं. मामांनी जिना चढून, शत्रूच्या घरात शिरून, मला मऊ भात आणि उसाचा रस आणून दिला. रोज. नाना दार उघडायचे आणि तोंड फिरवायचे. मामा तोंड फिरवून आत यायचे. मी पडल्या-पडल्या दोघांचेही कान तेवढे बघायचो. तेव्हापासून मामांच्या मेसमध्ये माझ्यासाठी मूठभर भात वेगळा शिजतो. भाकरीच्या मुलखात माझं तेवढं संस्थान आहे, आणि ते जाईल की काय ही मला कायम धास्ती.

दोघंही माझ्याकडून खबर काढायचे. मामा म्हणायचे, "काल समोर काय हुतं?"

"वांगं जी."

"तर्री?"

"दिसली नाही."

"तू हेर हायस का कोण हायस?"

रात्री जिन्यात नाना विचारायचे, "पाणीवाल्याकडं काय?"

"पिठलं."

"पातळ?"

मी म्हणायचो, "मध्यम." मध्यम हे माझं परराष्ट्र धोरण होतं. वांगं मध्यम, पिठलं मध्यम, दोघांच्याही तब्येती मध्यम. त्या एका शब्दावर मी छप्पर आणि भात दोन्ही टिकवून होतो.

मग मागच्या थंडीत नानांच्या अंगणात हालचाली सुरू झाल्या. माळ्यावरचे हंडे, परातीएवढ्या कढया, मोठमोठी पातेली खाली आली. कल्हईवाला भट्टी पेटवून बसला. एक माणूस टेप घेऊन आला आणि खालचा हॉल मोजून गेला. पोती आत-बाहेर झाली. मी कामावर जाता-येता हे बघत होतो, आणि मामांनी विचारलं तसं जे दिसलं ते सांगत होतो.

मामांनी माझं ताट ओढलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ताटात समुद्र नव्हता. मधोमध मिठाची रेघ, तो आपला रस्ता. इकडं एक तुकडा, तिकडं एक.

"कल्हई म्हंजी जुनी भांडी बाहीर. भांडी बाहीर म्हंजी मेंबर वाढणार. टेपवाला म्हंजी मधली भिंत पाडून हॉल मोठा. पोरगा नाशिकला कमवू राहिला, त्यानं पैका लावला असंल." मामांनी तिकडच्या तुकड्यावर आणखी तुकडे रचले. मग इकडच्या एकट्या तुकड्याकडे बघत राहिले. "आता प्रश्न असा हाय..."

त्यांनी प्रश्न पुरा केला नाही. मामांची मेस बुडाली तर माझा भात बुडाला. मामांनी काही आगळीक केली तर नाना मला सामानासकट जिन्यावरून खाली ठेवतील. मी म्हणालो, "नानांना सरळ विचारू काय जी, काय चाललंय म्हणून?"

"येडा हायस का? विचारलं की त्याला कळंल, आपल्याला कळलंय ते."

मी स्वतःहून विचारू शकलो असतो. मधे फक्त एक जिना होता. पण नाना "बरं" याच्यापलीकडे फारसं बोलत नसत, आणि त्या "बरं"ची मला भीती वाटायची.

दोन्ही मेसमध्ये एक नियम होता, एकत्र होते तेव्हापासूनचा. रविवारी संध्याकाळी चूल बंद. फुटल्यावरही दोघांनी तो पाळला. रविवारी संध्याकाळी आमचा रस्ता सामसूम, पोरं वडापाव खाऊन झोपतात. त्या रविवारी मी खिडकीत बसलो होतो आणि मला येसराचा वास आला. मला वाटलं कावीळ उलटली. खाली बघतो तर मामांच्या मेसमध्ये सगळे दिवे लागलेले, दारात ढणढणा स्टोव्ह, आणि मामा पळी उंच धरून उभे.

रस्ताभरची पोरं धावली. मामांच्या मेसची आणि नानांच्याही. मीही गेलो. न जावं तर मामा, जावं तर नाना, पण वास फार चांगला येत होता. आत मला एक गोष्ट दिसली, पण तेव्हा कळली नाही. शोभाताईंनी पाण्याची घागर उचलली आणि विचारलं, "मामा, वतू का? लोक लई हायत."

"नको," मामा म्हणाले. "ऱ्हाऊ दे तशीच."

जेवणं झाली. समोर नाना दारात उभे होते. त्यांची पोरं एकेक करून इकडं बसलेली त्यांना दिसत होती. त्यांनी ओसरीवरचा दिवा मालवला आणि आत गेले.

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हल्ला फत्ते झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, एवढं मला आठवीपर्यंतच्या शिक्षणावरही कळलं. त्यांनी एक डबा भरला, घट्ट झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला.

"समोर दे."

"मी?"

"निरोप नेणाऱ्या वकिलाला मारत नसतेत."

"आणि काय सांगू जी?"

मामांनी विचार केला. "म्हणावं, कैद्याला बी जेवण द्यायचं असतंय."

मी तो डबा घेऊन जितका भीत रस्ता ओलांडला तितका देवगिरीच्या अंधारीतही भ्यालो नव्हतो. नाना अंधारात खुर्चीवर बसले होते. मी निरोप सांगितला, म्हणजे त्यातला "जेवण" एवढाच शब्द नीट बाहेर आला. त्यांनी दिवा लावला, डबा उघडला, बोट बुडवून चाखलं. मी जिन्याकडे बघून ठेवलं, सामान आणायला किती वेळ लागेल त्याचा अंदाज घेत.

"घट्ट केली," नाना म्हणाले.

मग परत बोट बुडवलं. "मीठ कमी हाय. पर घट्ट केली त्यानं."

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाले, "मी नाशिकला चाललोय, पोराकडं. गुडघं ऱ्हायले नायत. भांडी इकायला काढली. खालचा हॉल लासूर स्टेशनचा एक आडत्या भाड्यानं घेतोय, गोदामाला. टेप लावून गेला परवा. तू भिऊ नको, वरची खोली तुझीच." आणि थांबून, "तुझ्या मामाला सांगायचं हुतं. कसं सांगावं कळंना."

मी पळतच परत गेलो. मामा रिकाम्या पातेल्याशेजारी बसले होते.

"भांडी विकायची आहेत जी. आणि टेपवाला गोदामाचा. नाना नाशिकला चालले."

"कायमचं?"

"कायमचं."

मामांनी टॉवेलनं चष्मा पुसला, परत लावला, परत काढला. "म्हंजी तो फौज काढू राहिला हुता माघारी," ते म्हणाले, "आन् आपण हल्ला केला."

"हो जी."

शोभाताई म्हणाल्या, "भांडी घासू का दुसरं बी युद्ध हाय?"

दुसऱ्या दिवशी मामांनी सगळ्यांना गपगुमान वाढलं. कुणाच्या ताटाला हात लावला नाही. मेसमध्ये एवढी शांतता पसरली की लोकांना जेवण जाईना. कोपऱ्यातल्या एका पोरानं स्वतःच भाकरीचा तुकडा आमटीच्या काठाला लावला आणि आशेनं मामांकडे बघितलं. मामा त्याला म्हणाले, "खा. थंड व्हती."

माझी दुसरी पाळी होती, त्यामुळे मी शेवटी जेवायला बसलो. लोक उठून गेल्यावर मामा आले. माझं ताट जवळ घेतलं, कडेचा भात हळूच बाजूला सारला, आणि पळीनं आमटीची एक लांब, वाकडी रेघ ओढली. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, चला, कुठंतरी लढाई लागली.

"ही गोदावरी, गोदामाय," मामा म्हणाले. "धरण व्हायच्या आधीची."

मग भाकरीचे तुकडे येत गेले. "ही गावाची येस. हा मारुती. चावडी. ही हीर. इथं माझं घर. हे त्याचं, भिंतीला भिंत. मदी हा बोळ." एक तुकडा त्यांच्या चिमटीत राहिला. तो त्यांनी बोळाच्या ह्या अंगाला धरला, मग त्या अंगाला. खाली ठेवला नाही.

"हितं एक म्हातारी हुती. शाळंतून येताना आमाला बोरं द्यायची, ओंजळ भरून. तिचं घर कोपऱ्यावर हुतं का आत, येतच नाय ध्यानात. लई दिवसांपासून येत नाय."

"कुणाला विचारलं नाही काय जी?"

"विचारू कुणाला? गाव धरणाच्या पाण्याखाली. लोक पांगलं, म्हातारं मेलं. हितं त्या गावचा मी, आन् समोरचं राष्ट्र." त्यांनी तो तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. "तो गेला म्हंजी सगळं गाव माझ्या एकट्याच्या ध्यानावर. आन् माझं ध्यान हे असं."

मग ताट माझ्या हातात दिलं. "जा घेऊन. सांगू नको काय. निस्तं दाखव."

दुपारचा रस्ता. कंपन्यांच्या बसगाड्या, टेंपो, माल घेऊन चाललेली एक बैलगाडी, आणि मी दोन्ही हातांत अख्खं गाव घेऊन मधे उभा. एका बसनं हॉर्न दिला, माझा हात हलला, गोदावरीला पूर आला आणि मारुती वाहत जाऊन चावडीत बसला. विहीर कशीबशी अंगठ्यानं धरून ठेवली.

नाना ओसरीवर भांड्यांच्या राशीत बसले होते. मी ताट पुढं केलं. त्यांनी बघितलं. मला वाटलं विचारतील, हे काय आहे. त्यांनी विचारलं, "मारुती चावडीत कुणी घातला?"

"पूर आला जी. रस्त्यात."

त्यांनी मारुती उचलून जागेवर ठेवला. विहीर बोटानं अलीकडं ओढली. "हीर हितं. तवाबी त्याला हिरीचा अंदाज नव्हता, दोनदा पडला." मग कडेचा तो तुकडा त्यांनी उचलला. रस्त्यापलीकडे मामा दारात उभे राहून आभाळाकडे बघत होते. आभाळात काहीही नव्हतं.

"बोरंवाली," नाना म्हणाले. त्यांनी तुकडा खाली ठेवायला हात नेला, आणि थांबले. "हे तुला सांगून नाय व्हायचं. त्याला दाखवावं लागंल."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले, चपला घातल्या, ताट घेतलं आणि रस्ता ओलांडायला लागले, इकडं-तिकडं न बघता. एक टेंपो करकचून थांबला. मी त्यांच्या भांड्यांची राखण करत ओसरीवर बसून राहिलो. समोर बाकड्यावर दोन डोकी ताटावर वाकली होती. आवाज तेवढा येत होता.

"चिंच अल्याड हुती."

"पल्याड."

"तूच पडला हुतास तिच्यावरून, तुला काय म्हाईत."

"पडलो म्हणून तर म्हाईत!"

माझी कंपनीची बस माझ्यासमोरून गेली. मला त्याची काळजी वाटायला हवी होती. वाटलीही. पण भांडी सोडून कसा जाणार?

नाना त्याच आठवड्यात नाशिकला गेले. येसर करायची मोठी कढई तेवढी विकली नाही. ती मामांच्या दाराशी उपडी ठेवलेली होती, आणि मामांनी ती कुणी ठेवली हे विचारलं नाही. माझी खोली आहे तशी आहे. खाली आडत्याची पोती असतात. एकदा माझ्या मनात आलं, एक फोडून बघावं, मीठ तर नसेल.

मी मामांना परत तो प्रश्न विचारला, देश असा न सांगता हल्ला काहून करते म्हणून. मामा भाकरी मोडत होते. म्हणाले, "टाइम हातातून चालला असं वाटतं म्हणून. आन् समोरच्याला विचारायची लाज वाटती. आमचं दोघांचं गणित एकच हुतं बघ. टाइम दोघांच्या बी बाजूनं नव्हता."

रविवारी संध्याकाळी चूल बंद असते. पण मामा माझ्यापुरती एक भाकरी आणि आमटी ठेवतात, आणि नाशिकला फोन लावतात. फोन बाकड्यावर ठेवायचा, आवाज मोठा करायचा. तिकडून नाना सांगतात, इकडून मामा भांडतात, आणि मी तुकडे हलवतो. "हीर अल्याड घे." "घेतली." "त्यानं घेतली का तू म्हणतोस?" "घेतली जी नाना." चिंचेचं अजून मिटलेलं नाही. बोरंवाल्या म्हातारीचं घर मात्र बोळाच्या आतच होतं, डाव्या हाताला, आता दोघांचंही ठरलंय.

फोन ठेवला की मामा ताट माझ्याकडे सरकवतात. "खा आता. थंड झालं."

मी सगळं खातो. वेस, चावडी, विहीर, चिंच. भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं तेवढी राहू देतो. सोमवारी सकाळी शोभाताई ती अंगणात चिमण्यांना टाकतात.